कार्यशाळा झाल्या, प्रमाणपत्रं साठली. आता पुढे काय?

रेघोटी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मी प्रिंटमेकिंग करते, मुख्यतः वुडकट, म्हणजे लाकडावर कोरून त्याचे छाप घेते. कलाशिक्षण रीतसर पूर्ण केलं आणि त्यानंतर दिसेल तिथे नाव नोंदवत गेले. शनिवार-रविवारच्या कार्यशाळा, ऑनलाइन कोर्स, मास्टरक्लास नावाची व्याख्यानं. फोल्डरभर प्रमाणपत्रं आहेत. कामाकडे बघितलं तर मात्र ते अजून शेवटच्या वर्षातलंच वाटतं. हात साफ झालाय, पण काम पुढे सरकलेलं नाही.

आता रेसिडेन्सी (ठरावीक काळ एखाद्या ठिकाणी राहून काम करायची सोय), फेलोशिप, मेंटॉरशिप, ओपन कॉल (सगळ्यांसाठी खुलं आवाहन) अशा जाहिरातींचा रोज मारा होतो. प्रत्येकीत 'नवोदितांसाठी सुवर्णसंधी' असतंच. कुठे अर्जालाच पैसे, कुठे निवड झाल्यावर पैसे, कुठे ते आपल्याला पैसे देणार. यातलं कामाचं काय आणि टाकाऊ काय, हे ओळखायचं कसं? चित्रकलेपुरतंच नको, नाटक, नाच, लेखन, सिनेमा, सगळ्यांनी लिहा.

अर्धविराम

चांगला धागा. या सगळ्या गोष्टी 'प्रशिक्षण' म्हणून एकाच माळेत ओवल्या की गोंधळ होतो. आधी तुम्हाला कमी काय पडतंय ते बघा. वेळ? पैसा? जागा आणि यंत्रं? की तुमचं काम पुन्हा पुन्हा बघून खरं बोलणारं माणूस? कार्यशाळा यातलं फारसं काही देत नाही. ती तंत्र देते, आणि तंत्र तुमच्याकडे आहे हे तुमच्याच लिहिण्यावरून दिसतंय. म्हणजे कमी नसलेलीच गोष्ट तुम्ही वाढवत राहिलात.

रेसिडेन्सीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण त्या एका नावाखाली दोन अगदी उलट प्रकार खपतात.

फ्रान्समध्ये १६६३ साली 'प्री द रोम' हा पुरस्कार सुरू झाला आणि १६६६ मध्ये रोमला फ्रेंच अकादमी उघडली. विजेत्याने सरकारी खर्चाने रोममध्ये राहायचं आणि प्राचीन शिल्पांच्या, जुन्या उस्तादांच्या चित्रांच्या प्रतिकृती राजासाठी करायच्या. राहणं-जेवण मिळालं, पण काय करायचं ते देणारा ठरवणार.

दुसरा प्रकार १९०७ मधला. अमेरिकेत न्यू हॅम्पशरमधल्या पीटरबरो इथे संगीतकार एडवर्ड मॅकडॉवेल आणि त्यांच्या पत्नी मेरियन यांनी आपली जागा कलाकारांना दिली. झाडीत सुटे सुटे स्टुडिओ. दुपारचं जेवण टोपलीत घालून दाराशी ठेवून जायचं, आणि बोलावल्याशिवाय कोणी दार वाजवायचं नाही. जाताना 'काय बनवलंस ते दाखव' अशी अट नाही. एडवर्ड पुढच्याच वर्षी गेले. मेरियनबाईंनी स्वतः पियानोचे कार्यक्रम करून, देणग्या गोळा करून ते चालवलं.

आजच्या रेसिडेन्सी या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसतात. जाहिरातीत 'स्थानिक समाजासोबत उपक्रम', 'मुलांसाठी कार्यशाळा', 'एक कलाकृती संस्थेला भेट', 'समारोपाचं प्रदर्शन' हे चारही असेल, तर ती नोकरी आहे. नोकरी वाईट नाही, पण मग पगार द्या. मोकळा वेळ मिळेल म्हणून जाल आणि शेवटच्या आठवड्यात भिंतीवर खिळे ठोकत बसाल.

खडूस_काका

वाचलं सगळं. एकच शंका. या रेसिडेन्स्या-फेलोशिपा नव्हत्या तेव्हा लोक चित्रं काढत नव्हते का? कला शिकवून येत नसते. घरी बसा, काम करा, येईल.

अर्धविराम

काका, घरी बसून काम करायला घरभाडं लागतं. १९३५ ते १९४३ या काळात अमेरिकी सरकारच्या फेडरल आर्ट प्रोजेक्टने बेकार चित्रकारांना पगारावर ठेवलं होतं. त्या पगारावर जगलेल्यांत जॅक्सन पोलॉक, ली क्रॅस्नर, मार्क रॉथको होते. तेव्हा यांची नावंही कोणाला माहीत नव्हती. बसून कामच केलं त्यांनी, फक्त कोणीतरी बसू दिलं.

नेपथ्य

काकांना अजून थोडं. 'शिकवून येत नाही' हे अर्धं पटतं, कारण बहुतेक ठिकाणी अर्धंच शिकवतात. १९१९ मध्ये जर्मनीत वायमारला बाउहाउस ही कलाशाळा सुरू झाली तेव्हा प्रत्येक कार्यशाळेला दोन शिक्षक असत: एक कारागीर, जो हाताचं काम शिकवणार, आणि एक कलावंत, जो आकाराचा, रचनेचा विचार शिकवणार. दोन्ही जाणणारा माणूस मिळत नव्हता, म्हणून ही जोडी. १९२५ मध्ये शाळा देसाऊला गेली तोवर तिथेच शिकलेले मार्सेल ब्रॉयर, योझेफ आल्बर्स यांच्यासारखे लोक तयार झाले होते आणि दोन्ही भूमिका एकच माणूस करू लागला.

आत्ताच्या शनिवार-रविवारच्या कार्यशाळांत पहिला शिक्षक असतो, दुसरा नसतो. रेघोटी, तुमचं गाडं तिथेच अडलेलं दिसतंय.

मी नाटकातला. आमच्याकडे घरी बसून काहीच होत नाही. हॉल लागतो, चार माणसं लागतात, आणि ती चार माणसं एकाच वेळी मोकळी असावी लागतात. म्हणून संधी तपासताना मी एकच बघतो: इथे काम फसलं तरी चालेल अशी मोकळीक आहे का? सिनेमातलं उदाहरण देतो. अमेरिकेतल्या सनडान्स इन्स्टिट्यूटच्या लॅब, म्हणजे सरावाच्या कार्यशाळा, १९८१ पासून चालतात. दिग्दर्शकांच्या लॅबमध्ये नवा दिग्दर्शक आपल्याच पटकथेतले अवघड प्रसंग नट घेऊन चित्रित करतो, संपादित करतो, मुरलेल्या लोकांना दाखवतो. आणि ते फुटेज पुढे त्याच्या चित्रपटात जात नाही. तिथे प्रसंग फसला तरी चित्रपट वाचतो. उलट बऱ्याच 'विकास' योजना पहिल्या दिवसापासून समारोपाच्या प्रयोगाची तिकिटं खपवायला लागतात. त्यात कोण कशाला नवीन काही करून बघेल? हातखंडा असलेलंच करतो माणूस.

तिसरी_चाळण

मी काही वर्षं एका निवड समितीसाठी अर्ज वाचते (संस्थेचं नाव विचारू नका). आतून कसं दिसतं ते लिहिते, कोणाला उपयोग झाला तर बरं.

पहिल्या फेरीत कोणीही तुमचं निवेदन वाचत नाही. पडद्यावर तुमच्या प्रतिमा येतात, एका अर्जाला अगदी थोडा वेळ. तिथे काय मारतं सांगू? फोटो. चित्र तिरकं, कडेला टेबलाचा कोपरा, काचेत फोटो काढणाऱ्याचं प्रतिबिंब. काम उत्तम असूनही मागे पडलेले अर्ज मी पाहिलेत. प्रिंटमेकर असाल तर एक फोटो जवळून, कागदाचा पोत आणि ठशाचा दाब दिसेल असा हवाच. आणि एक असा, ज्यात शेजारी माणूस किंवा खुर्ची आहे, म्हणजे आकार कळतो. मापं लिहिलेली असतात, पण त्या घाईत मापं कोण वाचतंय.

दुसरं, 'मला सगळं येतं' हे दाखवायचा मोह. दहा प्रतिमांत एक निसर्गचित्र, एक व्यक्तिचित्र, एक अमूर्त, एक डिजिटल. समितीला ती विद्यार्थ्याची फाइल वाटते. एकाच मालिकेतली सहा आणि तिच्या आधीची दोन द्या, म्हणजे कुठून कुठे आलात ते दिसतं. दहा मागितल्यात म्हणून दहा भरायलाच हव्यात असं नाही. सगळ्यात कच्ची प्रतिमाच लक्षात राहते.

तिसरं, अंदाजपत्रक. नवोदितांच्या अर्जात साहित्य, प्रवास, फ्रेमिंग सगळं पैशापैशाने लिहिलेलं असतं आणि स्वतःचं मानधन शून्य. त्यांना वाटतं, यामुळे आपण स्वस्त पडू. समितीला वाटतं, या माणसाने जगायचं कसं ते ठरवलेलं नाही, मध्येच सोडून जाईल. नियमात बसत असेल तर स्वतःचा मेहनताना लिहाच.

आणि 'आमच्याकडेच का यायचंय' या प्रश्नाला 'आपल्या प्रतिष्ठित संस्थेत' अशी सुरुवात झाली की पुढे काय येणार ते आम्हाला पाठ असतं.

रेघोटी

बाप रे. मानधन शून्य लिहिणाऱ्यांत मीही. सध्याच्या एका अर्जासाठी लिहिलेलं निवेदन इथे टाकू का? टाकतेच. हसू नका.

"माझी कला म्हणजे आत्मा आणि निसर्ग यांच्यातला शाश्वत संवाद आहे. रेषेच्या माध्यमातून मी अस्तित्वाच्या विविध छटांचा शोध घेते. स्मृती, काळ आणि अवकाश यांच्या सीमेवर माझं काम उभं आहे."

तिसरी_चाळण

हसत नाही, असे पुष्कळ येतात. पण हे शिल्पकाराचं असू शकेल, नर्तिकेचं असू शकेल, कोणाचंही. मला तीन गोष्टी सांगा, जशा बोलाल तशा. कशावर कोरता? कोरताना असं काय करता जे बाकीचे टाळतात? आणि या जागी गेल्यावर असं काय होईल जे घरी होत नाही?

रेघोटी

लोकांनी टाकून दिलेल्या जुन्या कपाटांची दारं, फळ्या. बिजागऱ्यांच्या स्क्रूची भोकं असतात, ती मी बुजवत नाही. छापल्यावर तिथे पांढरे ठिपके राहतात, मला आवडतात. शिवाय एकाच फळीवर सगळे रंग: एक रंग छापायचा, मग तीच फळी आणखी कोरायची, दुसरा रंग. मागे जाता येत नाही. शेवटचा रंग होतो तेव्हा फळी जवळजवळ संपलेली असते. घरी प्रेस नाही, चमच्याच्या पाठीने घासून छापते, त्यामुळे फळीचे तुकडे करावे लागतात. अख्खं दार छापायचंय एकदा.

तिसरी_चाळण

निवेदन झालं की तुमचं! बघा:

"मी टाकून दिलेल्या कपाटांच्या दारांवर कोरते. बिजागरीच्या स्क्रूची भोकं बुजवत नाही. छापात ती पांढरी राहतात. एकच फळी कोरत कोरत एकावर एक रंग छापते, त्यामुळे मागे फिरता येत नाही, आणि शेवटच्या रंगाला फळी संपत आलेली असते. आजवर हाताने घासून छापल्यामुळे मला दाराचे तुकडे करावे लागले. तुमच्याकडच्या मोठ्या प्रेसवर मला अख्खं दार छापायचं आहे."

स्मृती आणि काळ दोन्ही त्यात आले, नाव न घेता. आणि 'आमच्याकडेच का' याचं उत्तरही शेवटच्या वाक्यात आलं. फक्त त्या प्रेसच्या पाट्याचं माप आधी विचारून घ्या.

शाईपुसणं

वा, हा संवाद जपून ठेवतोय.

पैशाचा मुद्दा राहिला. अर्जाची फी म्हणजे फसवणूकच असं नाही. लंडनच्या रॉयल अकादमीचं उन्हाळी प्रदर्शन १७६९ पासून दरवर्षी भरतं, त्यात कोणीही काम पाठवू शकतं, आणि पाठवायची फी असते. छाननीला माणसं लागतात, ठीक आहे. मला खटकतं ते निवड झाल्यानंतरचं शुल्क. माझ्या एका मैत्रिणीला एका 'आंतरराष्ट्रीय' प्रदर्शनाची निवड कळली ती अर्ज केल्याच्या दुसऱ्याच दिवशी. अभिनंदन, आपलं काम ज्युरीला अत्यंत भावलं, भिंतीचं भाडं अमुक, कॅटलॉगच्या पानाचे तमुक, उद्यापर्यंत भरा. एका रात्रीत कुठली ज्युरी जमली? तिने भरले पैसे. प्रदर्शन झालंही, पण बघायला आले ते भाडं भरणारेच एकमेकांचं काम बघायला.

मी आता हे बघतो: पैसा कुठून येतो? प्रेक्षक, सरकार, देणगीदार यांच्याकडून येत असेल तर संस्थेला तुमचं काम चांगलं व्हायला हवं असतं. तो कलाकारांकडूनच येत असेल तर तिला फक्त जास्त कलाकार हवे असतात. मागच्या वर्षांतल्या सहभागींची नावं साइटवर नसतील तर मी तिथेच थांबतो. असतील तर दोघांना सरळ मेल करतो, 'कसं होतं?' लोक उत्तर देतात, आणि कडवट अनुभव असेल तर लांबलचक देतात.

आणि 'मानधन नाही पण प्रसिद्धी मिळेल' यावर काय बोलायचं! न्यूयॉर्कमध्ये २००८ साली कलाकारांनी डब्ल्यू. ए. जी. ई. नावाची संघटना काढली ती नेमकी यावरच: प्रदर्शन भरवणाऱ्या संस्थेने कलाकाराला फी दिलीच पाहिजे. संस्थेच्या वार्षिक खर्चाच्या प्रमाणात किती, याचा तक्ताच केलाय त्यांनी. वाटाघाटीला तो हाताशी असलेला बरा, निदान आकडा हवेतून आलेला वाटत नाही.

सांजपालवी

हे सगळं वाचून थोडा वैताग आला, रागावू नका. दोन-तीन महिने झाडीत जाऊन राहायचं, दाराशी टोपली. मला नोकरी आहे, मूल लहान आहे. मी नाचते. मुलाला घेऊन या म्हणणाऱ्या जागा असतात म्हणे, पण हातावर मोजण्याइतक्या. आणि निम्म्या ठिकाणी वयाची अट. ज्या वर्षांत मी बाळंतपणात होते ती वर्षं 'नवोदित'च्या हिशेबात धरली गेली आणि मी बाद. आमच्यासारख्यांनी काय करायचं?

अर्धविराम

रागावण्यासारखं काहीच नाही, बरोबर बोलताय. वयाऐवजी 'व्यावसायिक कामाची पहिली अमुक वर्षं' अशी अट घालणाऱ्या योजना असतात, त्या आधी शोधा. आणि खंड पडला असेल तर अर्जात एका ओळीत तसं लिहा, दिलगिरी नको.

शिवाय लांबच जायला हवं असं नाही. शिल्पकार अँथनी कॅरो आणि कलासंग्राहक रॉबर्ट लोडर यांनी १९८२ मध्ये न्यूयॉर्क राज्यात ट्रायँगल नावाची कार्यशाळा भरवली, ती दोनच आठवड्यांची. शिक्षक नाही, विद्यार्थी नाही, सगळे कलाकार एका छपराखाली काम करताहेत आणि एकमेकांच्या टेबलापाशी जाऊन बोलताहेत. त्यावरून देशोदेशी कलाकारांनीच चालवलेल्या कार्यशाळा उभ्या राहिल्या. दिल्लीचं खोज हे त्यातलंच, १९९७ पासूनचं. कोणी बोलावण्याची वाट न बघता कलाकारांनीच सुरू केलं.

नेपथ्य

सांजपालवी, तुम्ही नाचता म्हणून खास तुमच्यासाठी. अमेरिकन नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी १९९० च्या सुमारास एकमेकांच्या कामावर बोलायची एक पद्धत बसवली. आम्ही ती नाटकाच्या तालमींत वापरतो. एक संध्याकाळ आणि तीन-चार माणसं पुरतात.

काम दाखवून झालं की पहिल्या टप्प्यात बघणाऱ्यांनी फक्त सांगायचं, काय लक्षात राहिलं, काय भिडलं, काय डोळ्यात भरलं. 'छान' म्हणायचं नाही, नेमकं सांगायचं. दुसऱ्या टप्प्यात कलाकार विचारणार. इथे कस लागतो, कारण 'कसं वाटलं?' हा प्रश्न चालत नाही. 'मी मध्ये थांबले तेव्हा तुम्हाला विसरले असं वाटलं की मुद्दाम थांबले असं?' असा हवा. तिसऱ्या टप्प्यात बघणारे विचारणार, पण प्रश्नात मत लपवायचं नाही. 'एवढं लांब का ठेवलंस?' हे मत झालं. 'या भागाला किती वेळ द्यायचा ते कसं ठरवलंस?' हा प्रश्न. आणि शेवटी मत, तेही परवानगी घेऊन: 'वेशभूषेबद्दल माझं एक मत आहे, ऐकायचंय का?' कलाकार नाही म्हणू शकते. वेशभूषा अजून ठरलीच नसेल तर त्यावर मत ऐकून करायचंय काय?

पहिल्या वेळी फार कृत्रिम वाटतं. आमच्यातला एक जण तिसऱ्या टप्प्यात गप्पच बसला, कारण त्याच्याकडे नुसती मतंच होती. पण लेखकाने तोंड मिटून बसायचं आणि बाकीच्यांनी कथेची चिरफाड करायची, त्या जुन्या प्रकारापेक्षा हे कितीतरी बरं. त्यात जो मोठ्याने बोलतो त्याचंच खरं ठरतं.

खडूस_काका

ही पद्धत बरी दिसते. पण निवड समित्यांवर मात्र माझा विश्वास बसणार नाही, चाळणताई माफ करा. वर प्री द रोमचं नाव निघालं म्हणून आठवलं. फ्रेंच संगीतकार मॉरिस राव्हेल पाच वेळा बसला त्या स्पर्धेच्या संगीत विभागाला. १९०५ मध्ये त्याला प्राथमिक फेरीतच उडवलं, वयोमर्यादेमुळे ती शेवटची संधी. तोवर त्याचं नाव झालेलं होतं. मग बाहेर आलं की अंतिम फेरीतले सगळेच्या सगळे एकाच प्राध्यापकाचे विद्यार्थी, आणि तो प्राध्यापक ज्युरीत! पेपरांनी झोड उठवली, पॅरिसच्या संगीत कॉन्झर्व्हेटरीचे संचालक द्युबुआ पायउतार झाले, त्यांच्या जागी फोरे आले. राव्हेलला पहिलं बक्षीस नाही ते नाहीच.

तिसरी_चाळण

माफी कशाला काका, किस्सा खरा आहे आणि लागूही पडतो. आमच्याकडे ओळखीचा अर्ज आला की खोलीबाहेर जायचा नियम आहे. तरी आवडनिवड राहतेच. शेवटच्या टप्प्यात वीस अर्ज सारखेच चांगले असतात आणि जागा मोजक्या. तेव्हा दुपारी कोण दमलंय आणि कोण हट्टाला पेटलंय यावरही ठरतं. म्हणून नकार आला तर 'काम वाईट' असा अर्थ काढू नका. आणि चालत असेल तिथे तोच प्रकल्प सुधारून पुढच्या वर्षी पुन्हा द्या. समितीतली माणसं बदलतात.

अर्धविराम

आयर्लंडने तर समितीच काढून टाकली. २०२२ मध्ये त्यांनी कलाकारांसाठी मूलभूत उत्पन्नाचा प्रयोग सुरू केला: २,००० जणांना तीन वर्षं दर आठवड्याला ३२५ युरो. अर्ज नऊ हजारांच्या आसपास आले. आपण कलाकार म्हणून काम करतो एवढं सिद्ध करायचं, पुढे सोडत. दर्जा कोणी ठरवायचाच नाही. शिवाय १,००० जणांचा तुलनेसाठी गट ठेवला, म्हणजे पैशाने काय फरक पडला ते मोजता यावं. मला हे आवडतं. गुणवत्तेचं काय, असं विचारणारे विचारोत. सारख्याच चांगल्या वीस अर्जांतून निवडताना सोडत जास्त प्रामाणिक.

जाता जाता करारनाम्याबद्दल, कारण नवोदित सही करताना वाचत नाहीत. 'वापराचा परवाना' आणि 'हक्क हस्तांतरित' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. संस्थेला तिच्या पत्रकात, साइटवर तुमचं चित्र छापायचंय? परवाना द्या, मुदत आणि माध्यम लिहून. 'सर्व हक्क, कायमस्वरूपी, सर्व माध्यमांत' असं दिसलं तर थांबा आणि विचारा. बर्न करार या कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या देशांत कॉपीराइट काम केल्याक्षणी तुमचा असतो, नोंदणीची अट नाही. तो जातो तो अशा सह्यांनीच. हल्ली त्यात कामं एआयला शिकवण्यासाठी वापरायची परवानगीही एका ओळीत सरकवलेली असते. ती ओळ खोडून सही करून पाठवली तर बऱ्याचदा कोणी हूं की चूं करत नाही.

सांजपालवी

नेपथ्य, ती चार टप्प्यांची पद्धत ऑनलाइन चालते का? नाचाचा व्हिडिओ आधी पाठवून ठेवला तर? मी, रेघोटी आणि अजून कोणी असेल तर महिन्यातून एकदा बसू. मूल झोपल्यावर.

नेपथ्य

चालते. फक्त व्हिडिओ आधी पाठवू नका, सगळ्यांनी तेव्हाच एकत्र बघायचा. नाहीतर लोक मतं तयार करून येतात. आणि टप्पे सांभाळायला एक माणूस हवा, ज्याचं काम त्या दिवशी दाखवायचं नाही. पहिल्या दोन वेळा मी करतो.

रेघोटी

मी आहेच. दारांचे फोटो तोवर नीट काढून ठेवते, खुर्ची शेजारी ठेवून.

एक शेवटचं विचारते, चाळणताई. अर्जात दोन शिफारसपत्रं मागितलीत. एक कॉलेजमधल्या विभागप्रमुखांचं मिळेल, मोठं नाव आहे, पण त्यांनी माझं अलीकडचं काम पाहिलेलं नाही. दुसरा पर्याय म्हणजे ज्या छापखान्यात मी कधीकधी मदतीला जाते तिथले मशीनवाले दादा. त्यांना माझं काम रोजचं माहीत आहे, पण त्यांच्या नावाला वजन नाही.

तिसरी_चाळण

दोन मागितलीत ना? दोन्ही घ्या, पण विभागप्रमुखांना आधी नवं काम पाठवा आणि त्यातल्या एका प्रिंटबद्दल लिहायला सांगा. नाहीतर 'अत्यंत मेहनती व गुणी विद्यार्थिनी' एवढंच येईल आणि ते आम्ही ओलांडून पुढे जातो. दादांना लिहायचा कंटाळा असेल तर त्यांना बोलू द्या, तुम्ही उतरवून घ्या, त्यांनी वाचून सही करावी. शाई कशी लावता, चुकलेला ठसा कसा सोडवता, यंत्र बिघडलं तेव्हा काय केलंत, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं सांगता येईल. पत्र देणाऱ्याचा हुद्दा काय लिहायचा हा प्रश्न पडेल, तर जो आहे तोच लिहा. आणि दोघांनाही मुदतीच्या दोन आठवडे आधी विचारा, आदल्या रात्री नको.